अर्धे गुण

आमच्या घरात जेवताना प्रश्न विचारले जायचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, पहिला घास घेतला की ताटावरून मान वर न करता विचारायचे, "कबड्डीत एका बाजूनं मैदानात गडी किती?" प्रश्न दादाला असायचा. दादा माझा थोरला भाऊ. त्याला उत्तर आलं तर पूर्ण गुण. नाही आलं तर त्यानं "पास" म्हणायचं, मग तोच प्रश्न माझ्याकडे सरकायचा, आणि मी बरोबर सांगितलं तर मला अर्धे गुण. प्रश्नमंजूषेत असंच असतं, असं आण्णा सांगायचे. खऱ्या प्रश्नमंजूषेत पाळी फिरते, पुढचा थेट प्रश्न दुसऱ्या संघाला जातो, हे मला पुढे शाळेच्या संघात बसले तेव्हा कळलं. आमच्या घरात पाळी कधी फिरलीच नाही.

प्रश्न अभ्यासाचे नसायचे. खेळ, गाणंबजावणं, सिनेमा, एवढंच. तबल्याच्या जोडीतल्या डाव्या भांड्याला काय म्हणतात, क्रिकेटची खेळपट्टी किती यार्ड, खो-खोत एका वेळी पळायला किती जण उतरतात, पडद्यावर ओठ हलवणारा एक आणि गाणारा दुसरा, तर त्या दुसऱ्याला काय म्हणायचं. आण्णा होटगीला रेल्वेत होते, गाड्यांसाठी रूळ बदलून द्यायचं काम. त्यांना हे सगळं कुठून ठाऊक? रद्दीतल्या पुरवण्या, स्टेशनातला रेडिओ, आणि साहेबांच्या खोलीबाहेर उभं राहून कानावर पडलेलं बोलणं.

"च्या पिताना साहेबलोकं गाड्यांचं बोलत न्हाईत," ते सांगायचे. "क्रिकेटचं बोलत्यात, गाण्याचं बोलत्यात. आपून तितं हुबं ऱ्हायचं, अन् तोंड बंद. शिकलं की नोकरी मिळंल. पर त्या टेबलाला तोंड उगडाया आलं पायजे."

हे ते दादाकडे बघून सांगायचे. आमच्या वस्तीतून, आमच्या बौद्ध समाजातून त्या टेबलाशी जाऊन बसलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. तो आपल्या घरातून जावा अशी त्यांची तळमळ होती आणि ती खोटी नव्हती, हे मी आजही मान्य करते. फक्त त्यांच्या मनातल्या टेबलाला खुर्ची एकच होती, आणि ती कुणाची हे माझ्या जन्माआधीच ठरलेलं होतं.

आता यातली गंमत अशी की दादाला काही यायचं नाही. तो मठ्ठ नव्हता, गणितात तर हुशारच. पण असल्या गोष्टी त्याच्या डोक्यात टिकायच्या नाहीत. माझ्या डोक्यातून त्या जाता जात नसत. आण्णा ओसरीवर कुणाला काही सांगत असले आणि मी आत भांडी घासत असले तरी ते माझ्यात कायमचं जाऊन बसायचं. दादा अडला की पायाच्या अंगठ्यानं मला टोचायचा. मग मी पाण्याचा तांब्या घ्यायला वाकायचे आणि वाकता वाकता त्याच्या कानात उत्तर टाकायचे.

आमच्या भिंतीला लागूनच एका तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबाची शेड होती. तिथे टॉवेलचे माग दिवसरात्र चालायचे. त्या खडखडाटात आम्ही सगळे ओरडूनच बोलायचो. आई मीठ मागायची तीसुद्धा भांडल्यासारखी. तिथे एका मुलीची कुजबुज कुणाला ऐकू जाणार? दादा मोठ्यानं "डग्गा!" म्हणायचा, आण्णांचा चेहरा उजळायचा, आणि जेवण पुढे सुरू व्हायचं. सिनेमातल्या गाण्यासारखंच होतं ते, ओठ त्याचे आणि गळा माझा.

मी का सांगायचे? न सांगता गप्प बसले असते तर तो पास म्हणाला असता आणि निदान अर्धे गुण तरी माझ्या पदरात पडले असते. पण दादा दोनतीनदा लागोपाठ पास म्हणाला की आण्णा ताट बाजूला सारायचे. कुणाला रागवायचे नाहीत, मारायचे तर कधीच नाहीत. नुसते हात धुऊन बाहेर जाऊन बसायचे, आणि मग आईही जेवायची नाही. त्यापेक्षा वाकून तांब्या उचलणं सोपं होतं. सगळे पोटभर जेवायचे, मीसुद्धा.

ज्या दिवशी मटण असेल त्या दिवशी जास्त गुणवाल्याला नळी मिळायची. नळीचं हाड ताटावर आपटून आतला मगज चोखायचा तो दादाचा आवाज मागाच्या आवाजातही स्पष्ट ऐकू यायचा. मला आजही मटण आवडत नाही. लोक विचारतात, सोडलंस का? मी म्हणते, धरलं कधी होतं?

पण या सगळ्यात माझ्याजवळ एक गोष्ट होती, आणि तिच्यावर मी बरीच वर्षं काढली. आण्णांना माहीत नाही, ही ती गोष्ट. त्यांना ऐकू येत नाही म्हणून ते दादाला विचारतात. एक ना एक दिवस त्यांना कळेल की ती उत्तरं कुणाची होती. आणि ज्या दिवशी कळेल त्या दिवशी ते ताटावरून मान वर करतील, माझ्याकडे बघतील आणि पहिला प्रश्न मला विचारतील. पास होऊन आलेला उष्टा प्रश्न नाही. थेट. पूर्ण गुणांचा. हसू येईल कुणाला, पण मला दुसरं काही नकोच होतं.

दादा इंजिनियर झाला, पुण्याला गेला, मोठ्या कंपनीत लागला. आण्णांना हवं होतं त्या टेबलाशी तो व्यवस्थित जाऊन बसला. एकदा मी त्याला विचारलं, तिथे चहाला क्रिकेटच्या गप्पा होतात का रे? तो म्हणाला, "कोण बोलतंय? सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघत असतात." एवढ्यासाठी आमच्या घरात इतकी वर्षं निवांत कुणी जेवलं नव्हतं.

माझं लग्न झालं आणि ते टिकलं नाही, तो विषय वेगळा. सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात मी कारकून आहे. तिथे चहाला क्रिकेट अजून बोललं जातं. सुरुवातीला मीही बोलायचे. एकदा एका साहेबांनी कुठल्याशा नियमाबद्दल चुकीचं सांगितलं, मी दुरुस्त केलं. ते म्हणाले, "अरे वा, मॅडमना क्रिकेट पण कळतं!" आणि मग मी सांगितलेला तोच नियम त्यांनी मला सावकाश समजावून सांगितला. तेव्हापासून मी चहा माझ्या जागेवरच पिते. आमच्या गल्लीशेजारच्या मंडळानं एकदा बायकांसाठी स्पर्धा ठेवली होती. बक्षीस साडीचं, फलकावर लिहिलेलं सामान्य ज्ञान. मी हौसेनं गेले. माइकवाला मला म्हणाला, "ताई, लाजू नका, उखाणा घ्या." नवरा सोडलेल्या बाईला उखाणा! मी म्हटलं, खेळावरचा प्रश्न विचारा. तो म्हणाला, हाच तर खेळ आहे ताई. सगळा मांडव हसला. मी चप्पल शोधून घरी आले.

आई गेली. दादानं पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा जुनं घर विकलं आणि आण्णा माझ्याकडे राहायला आले. मुलीच्या घरी राहतो हे सांगणं त्यांच्या जिवावर येतं. कुणी विचारलं तर सांगतात, "लेक माझ्याकडं असती." मी सैपाकघरातून ऐकते. घरभाडं मी भरते, नळाला पाणी येण्याच्या दिवशी ऑफिसला उशिरा जाऊन पिंपं मी भरते, त्यांच्या डोळ्यांत थेंब मी घालते, आणि असते मी त्यांच्याकडे.

संध्याकाळी ते टीव्हीवर प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम लावतात. प्रश्न आला की मला म्हणतात, "दादाला फोन लाव." मी लावते. ते स्पीकरवर दादाला तो प्रश्न विचारतात. पलीकडे कीबोर्डची टकटक, मग दादाचं उत्तर. "बग," आण्णा मला म्हणतात, "आजून ध्यानात हाय पोराच्या!" मी शेजारीच भाजी निवडत बसलेली असते. उत्तर मला टकटक सुरू व्हायच्या आधी आलेलं असतं. आण्णा बाकी सगळ्या आवाजांचे पक्के. कुकरची कितवी शिट्टी झाली ते मला सांगतात, वरच्या मजल्यावर कोण चाललंय ते पावलांवरून ओळखतात. ती टकटक मात्र त्यांना ओळखू येत नसावी, असं मी धरून चालले होते.

यंदा जयंतीच्या आठवड्यात वस्तीतल्या पोरांनी विहारात प्रश्नमंजूषा ठेवली. नोकरीत असताना आण्णांनीच ती सुरू केली होती, मधे बंद पडली होती. पोरं घरी आली, आण्णांच्या पाया पडली. म्हणाली, तुमचा सत्कार करायचा आहे आणि शेवटची फेरी तुम्ही घ्यायची. आणि प्रत्येक घरातून दोघांचा संघ हवा. आण्णा म्हणाले, "आमच्या घरातनं बसतील की दोगं."

दोघं. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. आमच्या घरात दोघंच तर होतो, दादा आणि मी. मी नव्या पेठेत जाऊन आण्णांना पांढरा सदरा घेतला आणि माझ्यासाठी निळी साडी घेतली. ऑफिसातून आले की जुन्या पुरवण्या चाळायला लागले. नव्या पोरांचं संगीत येईल म्हणून मोबाइलवर कोरियन गाण्यांची माहिती वाचली, या वयात! ऑफिसात एकीनं विचारलं, मॅडम, काय विशेष? मी सांगून टाकलं, स्पर्धेत बसणार आहे. हे सांगायला नको होतं.

स्पर्धेच्या दिवशी दुपारी दादा आला, सोबत त्याचा मुलगा. आण्णा म्हणाले, "झालं, आली दोगं." इतकं साधं. मला कुणी नको म्हटलं नव्हतं, म्हणून भांडायलाही जागा नव्हती. मी तिघांना जेवायला वाढलं, आण्णांच्या सदऱ्याला इस्त्री केली आणि निळी साडी नेसून प्रेक्षकांत जाऊन बसले. बाहेर एप्रिलचं ऊन उतरत होतं आणि विहारातले पंखे गरम वारा फिरवत होते.

भाच्याला परदेशी फुटबॉल आणि कोरियन गाणी झकास येत होती, त्यावर त्यांचा संघ पुढे गेला. आण्णांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ते स्टेजवर शाल पांघरून बसल्या बसल्या माना डोलवत होते. मग त्यांची फेरी आली. त्यांनी माइक हातात घेतला आणि त्यांचे जुने प्रश्न सुरू केले. खेळपट्टी किती यार्ड? बावीस, कुठल्या तरी संघानं सांगितलं. डावं भांडं कुठलं? डग्गा. हे दादानं सांगितलं, आणि सांगताना एक क्षण माझ्याकडे बघितलं. एवढं एक त्याच्या लक्षात राहिलं होतं.

मग आण्णांनी विचारलं, "एका सप्तकात शुद्ध, कोमल, तीव्र, समदे धरून सूर किती?"

हा प्रश्न मी विसरणं शक्यच नव्हतं. आम्ही लहान असताना याच विहारात, गाणाऱ्या मंडळींच्या पेटीपाशी बसवून आण्णांनी तो शिकवला होता. पट्ट्या दाबायला दादाला सांगितल्या, मोजल्या मी. पांढऱ्या सात, काळ्या पाच, एकूण बारा. तीच पेटी आत्ताही स्टेजच्या कडेला झाकून ठेवलेली होती.

दादा पास म्हणाला. पुढचा संघ पास. सगळे संघ पास. नियमाप्रमाणे प्रश्न प्रेक्षकांकडे आला आणि मी हात वर केला. माझा एकटीचाच हात होता. आण्णांनी डोळे बारीक करून बघितलं, मला ओळखलं आणि माइकवर म्हणाले, "घरच्यांनी न्हाय."

स्टेजवर त्यांचा मुलगा बसलेला. त्याच्या शेजारी नातू बसलेला. आणि घरची मी! उभ्या आयुष्यात त्यांनी मला चारचौघांत घरची म्हटलं ते यासाठी. मी हात खाली घेतला. साडीच्या निऱ्यांकडे बघत बसले, कारण वर बघितलं असतं तर डोळ्यांतलं पाणी लोकांना दिसलं असतं.

मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी "सात" म्हणून सांगितलं. "चूक," आण्णा म्हणाले. "ते निस्ते शुद्ध झाले. बराबर उत्तर हाय…" आणि ते थांबले. मी वर बघितलं. आण्णांचं तोंड तसंच उघडं होतं. मग ते म्हणाले, "बावीस."

खेळपट्टीचा आकडा त्यांनी पेटीवर ठेवला होता. टाळ्या वाजल्या नाहीत, वाजायच्या थांबल्या होत्या, कारण आण्णांच्या चेहऱ्यावरच खात्री नव्हती. पुढच्या रांगेतली पोरं मोबाइल काढायला लागली. आण्णांनी ते पाहिलं. त्यांनी दादाकडे बघितलं, दादा टेबलाकडे बघत होता. आणि मग त्यांनी माइक तोंडाशी धरून, माझ्याकडे बघून विचारलं, "काय गं पोरी, बराबर हाय न्हवं?"

थेट प्रश्न. दादाला आधी न विचारता, पास होऊन न आलेला, माझ्या एकटीचा. तो आला तेव्हा असा आला. खरं सांगितलं तर माझ्या म्हाताऱ्या बापाचं भर सभेत हसं होणार, आणि हो म्हणाले तर मी पुन्हा तांब्याला हात घालून वाकणार. मला आत्ताच घरची म्हणून हात खाली करायला लावलं होतं आणि आता घरची म्हणूनच साक्ष मागितली जात होती.

"पास," मी म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा म्हणाले. लोक खदखदून हसले, त्यांना वाटलं बाप-लेकीची थट्टा चाललीय. दादानं घाईघाईनं माइक ओढला. "बरोबर आहे, बरोबर आहे! आण्णा कधी चुकत नसतात," असं म्हणाला आणि टाळ्या सुरू करून दिल्या. पोरांनी मोबाइल खिशात टाकले. फेरी संपली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं म्हणून दादा आणि भाचा विहारातूनच पुण्याला निघाले. आण्णांना घेऊन मी रिक्षात बसले. दिवस अजून मावळला नव्हता. शाल, नारळ आणि सन्मानचिन्ह माझ्या मांडीवर होतं. सात रस्त्याच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा आण्णा म्हणाले, "तुला येत न्हवतं व्हय?"

"येत होतं."

"किती?"

"बारा. पांढऱ्या सात, काळ्या पाच."

ते गुडघ्यावर बोटं ठेवून मोजत राहिले, जणू तिथे पट्ट्या आहेत. "व्हय की," शेवटी म्हणाले. "बाराच." मग जरा चिडून म्हणाले, "मंग हळूच दादाला सांगायचं हुतं. बारकी असताना सांगत हुतीस की जेवताना, तसं."

आजूबाजूला इतके हॉर्न वाजत होते की मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. पण मी नीटच ऐकलं होतं.

"तुम्हाला ऐकू यायचं?"

"न ऐकू याया काय झालं? रेल्वेत जल्म गेला माजा. इंजनाच्या आवाजात मला शिट्टी कळत हुती, मागाच्या आवाजात लेकीचा आवाज कळायचा न्हाय?" हे त्यांनी अभिमानानं सांगितलं. कानांच्या अभिमानानं.

मी विचारलं, "मग कधी बोलला का नाहीत?"

"बोललो आसतो तर त्येचं तोंड कायमचं बंद झालं आसतं."

"आणि माझं, आण्णा?"

ते माझ्याकडे बघायला लागले. मी काय विचारते आहे हे त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"तुजं काय?" ते म्हणाले. "तुला तर येतच हुतं की."

पुढे सिग्नल सुटला. शाल मांडीवरून घसरत होती, ती मी नीट घडी करून धरली आणि रिक्षावाल्याला आमच्या गल्लीचं वळण सांगितलं.